बेने इस्रायली मुलांचे धर्मशिक्षण : इस्रायलाइट शाळेपासून सुटीतील शिबिरापर्यंत

प्रस्तावना

बेने इस्रायल हा महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू समाज. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, तेल गाळणे व शेती यांवर उपजीविका करणारा आणि गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून केहीमकर, रोहेकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावे धारण करणारा हा समाज संख्येने नेहमीच लहान राहिला. लहान समाजापुढे मुलांच्या धर्मशिक्षणाचा प्रश्न मोठ्या समाजापेक्षा अधिक तीव्रपणे उभा राहतो. मोठ्या समाजात एखाद्या कुटुंबाने परंपरा सोडली तरी ती शेजारच्या दहा घरांत जिवंत असते. लहान समाजात एक पिढी परंपरा विसरली, तर पुढच्या पिढीला ती सांगणारे कोणी उरत नाही.

विसाव्या शतकात अमेरिका व युरोपातील ज्यू समाजांनी या प्रश्नाला दिलेले एक उत्तर म्हणजे मुलांचे उन्हाळी निवासी शिबिर होय. महाराष्ट्रात याच प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातच उत्तर शोधले गेले होते आणि ते शाळेच्या रूपाने पुढे आले होते. १८७५ मध्ये मुंबईत सुरू झालेली इस्रायलाइट शाळा हे ते उत्तर. ही शाळा का निघाली, तिच्यापुढे कोणते हेतू होते आणि ज्या मुलांसाठी ती निघाली ती मुलेच उरली नाहीत तेव्हा धर्मशिक्षणाचे कार्य शाळेकडून शिबिराकडे कसे सरकले, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे

१) बेने इस्रायल समाजातील पारंपरिक धर्मशिक्षणाचे स्वरूप समजून घेणे.
२) मिशनरी शाळांचा या समाजावर झालेला परिणाम तपासणे.
३) इस्रायलाइट शाळेच्या स्थापनेमागील हेतूंचे विश्लेषण करणे.
४) स्थलांतरानंतर शाळा व शिबिर या दोन संस्थांच्या भूमिकांत झालेला बदल अभ्यासणे.

सदर निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेली आहे.

घर हीच शाळा : कोकणातील परंपरा

बेने इस्रायलांच्या परंपरागत कथेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाजाचा विस्तार झाला. या घटनेच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र एक गोष्ट परंपरेतूनच स्पष्ट होते. हा समाज दीर्घकाळ इतर ज्यूंपासून तुटलेला होता. त्याच्याजवळ ना धर्मग्रंथ होते, ना हिब्रूचे ज्ञान.

तरीही धर्म टिकला. तो टिकला आचारातून. शनिवारी घाणा बंद ठेवणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, निषिद्ध अन्न टाळणे आणि ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणणे, एवढ्या सामग्रीवर पिढ्यानुपिढ्या धर्म चालत राहिला. शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले, ते याच आचारामुळे. सणांची नावेही मराठी होती. नववर्षाला ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफळणीचा सण’, पुरीमला ‘होळीचा सण’ आणि मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या उपवासाला ‘बिरड्याचा रोजा’ असे म्हटले जाई. बिरडे हे शेवटच्या नावात आले, कारण त्या दिवशी उपवास सोडताना तेच खाल्ले जाई. प्रेषित एलियाच्या नावाने पोहे, नारळ व फळे यांचा मलिदा करण्याची प्रथा तर आजही समाजाची ओळख मानली जाते.

या व्यवस्थेत शिक्षणसंस्था अशी वेगळी नव्हती. मूल घरात वाढत असताना जे पाही ते शिके. स्वयंपाकघर, घाणा आणि सणाचे ताट हेच त्याचे वर्ग होते. दाविद राहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने या लोकांना ओळखून झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मविधी शिकविले आणि त्यांतून ‘काजी’ ही परंपरा सुरू झाली, असे समाजात सांगितले जाते. काजी गावोगाव फिरून विधी करीत. विधी जाणणारा माणूस आला, तरी मुलांना शिकविणारी संस्था मात्र अद्याप आलेली नव्हती.

अठराव्या शतकात ही व्यवस्था ढासळू लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आणि मुंबईच्या गोदीत, कार्यालयांत बेने इस्रायलांना काम मिळू लागले. कोकणातील गावे सोडून कुटुंबे मुंबईत आली. कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग, ‘शार हारहामीम’, उभारले. मस्जिद बंदर हे स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले असे सांगितले जाते. नोकरदार माणसाच्या घरात घाणा नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवण्यातून मुलाला जे आपोआप कळत होते, ते शहरात मुद्दाम सांगावे लागणार होते. समाजाच्या शिक्षणाच्या प्रश्नाचा आरंभ येथे आहे.

मिशनरी शाळा आणि हिब्रूची भेट

हे सांगण्याचे काम प्रथम ज्यांनी केले ते ज्यू नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि थोड्याच काळात त्यांनी मराठी शाळा सुरू केल्या. या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली आणि समाजातील काही व्यक्तींनी तेथे शिक्षक म्हणूनही काम केले. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बेने इस्रायल विद्यार्थी हा त्याचा प्रमुख वाचकवर्ग होता. याच काळात कोचीनहून आलेले ज्यू शिक्षकही कोकणात व मुंबईत धर्मशिक्षण देत होते.

मिशनऱ्यांचा अंतिम हेतू धर्मांतराचा होता, हे त्यांनी लपविले नाही. जुन्या करारावर आधीच श्रद्धा असलेला समाज नव्या कराराकडे सहज वळेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बेने इस्रायलांपैकी अत्यल्प लोकांनीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परिणाम वेगळाच झाला. मराठी बायबलमधून या समाजाला आपल्या पूर्वजांचा इतिहास प्रथमच सलगपणे वाचता आला. आपण जे आचार पाळतो त्यांचा उगम कोठे आहे, हे कळले. हिब्रू शिकलेल्या मुलाला सिनेगॉगमधील प्रार्थनेचा अर्थ लागू लागला. ज्यांनी समाजाला त्याच्या धर्मापासून दूर नेण्यासाठी शाळा काढल्या, त्याच शाळांनी समाजाला त्याच्या धर्माच्या अधिक जवळ नेले.

तथापि या लाभाला एक मर्यादा होती. मिशनच्या शाळेत ज्यू मुलाला हिब्रू येई, परंतु त्याच वर्गात त्याला ख्रिस्ती प्रार्थनाही म्हणावी लागे. शिवाय आठवड्याचे वेळापत्रक रविवारच्या सुटीवर आधारलेले असे. शब्बाथ पाळायचा तर शाळा बुडवायची आणि शाळेत जायचे तर शब्बाथ मोडायचा, असा पेच मुलापुढे दर आठवड्याला उभा राही. घरातील शिक्षण जसे आचारातून होत होते, तसेच शाळेचे वेळापत्रकही न बोलता काही शिकवीत होते, आणि ते घरच्या शिकवणुकीच्या विरुद्ध होते. समाजाला स्वतःची शाळा हवी होती, ती या अनुभवातून.

इस्रायलाइट शाळेची स्थापना व हेतू

या गरजेला संस्थात्मक रूप देण्याचे श्रेय मुख्यतः हाइम सॅम्युएल केहीमकर यांच्याकडे जाते. १८३० मध्ये जन्मलेल्या केहीमकरांनी १८५३ मध्ये समाजात शिक्षणप्रसार करण्यासाठी सहकाऱ्यांसह एक हितकारक संस्था स्थापन केली. परंतु नियमित शाळा उभी राहण्यास आणखी दोन दशके लागली. १८७५ मध्ये इस्रायलाइट शाळा सुरू झाली. लंडन येथील अँग्लो-ज्युइश असोसिएशन ही संस्था १८७१ मध्ये स्थापन झाली होती. तिचे आर्थिक साहाय्य या शाळेला पुढे दीर्घकाळ मिळाले.

शाळेच्या हेतूंचे विश्लेषण केल्यास तीन सूत्रे दिसून येतात. पहिले सूत्र धार्मिक होते. हिब्रू व धर्माचे शिक्षण ज्यू वातावरणात, ज्यू पंचांगाशी जुळणाऱ्या दिनक्रमात देता यावे, ही शाळेची मूळ प्रेरणा होती. दुसरे सूत्र आर्थिक होते. लष्करातील जुन्या जागा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कमी होत गेल्या आणि समाज रेल्वे, टपाल, जकात व इतर सरकारी खात्यांतील कारकुनीकडे वळला. त्यासाठी इंग्रजी आवश्यक होती. गरीब कुटुंबातील मुलाला इंग्रजी शिकता यावी आणि त्यासाठी त्याला धर्म बाजूला ठेवावा लागू नये, हा शाळेचा दुसरा हेतू होता.

तिसरे सूत्र सामाजिक होते आणि ते समजण्यासाठी मुंबईतील ज्यूंची अंतर्गत रचना लक्षात घ्यावी लागते. बगदाद व आसपासच्या प्रदेशांतून आलेले अरबीभाषक ज्यू व्यापारी एकोणिसाव्या शतकात मुंबईत स्थिरावले. ससून घराणे हे त्यांचे प्रमुख. या नवागत ज्यूंपैकी अनेकांनी बेने इस्रायलांच्या धर्मशुद्धतेविषयी शंका घेतली. १८३६ मध्ये तर समान दफनभूमीत दोन गटांच्या थडग्यांमध्ये भिंत उभारावी अशी मागणी बगदादी गटाने सरकारकडे केली होती. ज्या समाजाच्या ज्यू असण्यावरच प्रश्न विचारला जात होता, त्या समाजाच्या मुलांनी हिब्रू अस्खलित वाचणे ही केवळ विद्येची बाब नव्हती. ते समाजाच्या दर्जाचे प्रमाणपत्र होते.

या संदर्भात जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांचे उदाहरण बोलके आहे. बेने इस्रायल समाजातील हे विद्वान मुंबईतील डेव्हिड ससून बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशन या बगदादी शाळेचे सुमारे चार दशके मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. ज्यांच्या धर्मशुद्धतेविषयी शंका घेतली जात होती, त्यांच्यातीलच एक जण शंका घेणाऱ्यांच्या मुलांना शिकवीत होता. शिक्षणाने दिलेले हे उत्तर कोणत्याही अर्जविनंतीपेक्षा प्रभावी होते.

शाळेबाहेरचे शिक्षण : अनुवाद आणि कीर्तन

शाळेच्या भिंतींबाहेरही मुलांना धर्म शिकविण्याचे प्रयत्न चालू होते आणि त्यांचे माध्यम मराठी होते. राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे मराठीत अनुवाद केले. ओलांडण सणाच्या रात्री घरात वाचला जाणारा ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठी अनुवादासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत. हग्गादाच्या विधीत घरातील सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे उत्तर देतात. मूल मराठी बोलत असेल तर प्रश्नोत्तराचा अर्थही त्याला मराठीत कळला पाहिजे, ही जाणीव या प्रकाशनांमागे स्पष्ट दिसते.

याहून लक्षणीय प्रयोग कीर्तनाचा. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर बेने इस्रायल कीर्तनाची सुरुवात मुंबईत केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या या मराठी वृत्तांतून आणि निरूपणातून सांगितली जाऊ लागली. शाळेत न जाणारी मुले, तसेच शाळेपासून वंचित राहिलेल्या स्त्रिया, यांना बायबलमधील कथा या मार्गाने कळल्या. मुलांना एकत्र बसवून, गाण्यातून व गोष्टीतून धर्म सांगावयाचा, ही कल्पना विसाव्या शतकातील शिबिराच्या फार जवळची आहे. कीर्तनाला पाठ्यक्रम नव्हता, परीक्षा नव्हती. होता तो एकत्र घालविलेला वेळ आणि त्याची आठवण.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध : शाळेचा उत्कर्ष

विसाव्या शतकाच्या आरंभी समाजात संघटनेची नवी जाणीव निर्माण झाली. १९१३ मध्ये स्त्री मंडळाची स्थापना झाली. १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषद भरली आणि पुढच्या वर्षी अखिल भारतीय इस्रायलाइट लीग अस्तित्वात आली. समाजाने भारतीय राजकारणात स्वतंत्र गट म्हणून वावरावे की राष्ट्रीय प्रवाहात मिसळावे, यावर या व्यासपीठांवर मतभेद झाले. मात्र मुलांच्या शिक्षणाच्या महत्त्वाविषयी मतभेद नव्हता.

या काळातील शाळेचा इतिहास रिबेका रूबेन (१८८९-१९५७) यांच्या नावाशी जोडलेला आहे. भारतात व इंग्लंडमध्ये शिक्षण घेतलेल्या रूबेन यांनी १९२२ ते १९५० या काळात शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. एका स्त्रीने सलग २८ वर्षे समाजाच्या प्रमुख शिक्षणसंस्थेचे नेतृत्व करावे, ही त्या काळी कोणत्याही समाजात विरळ असलेली घटना होय. १९३० च्या दशकात बगदादमध्ये जन्मलेले आणि पूर्व आशियात उद्योगपती म्हणून नावारूपास आलेले सर एली कडूरी यांच्या देणगीमुळे शाळेला स्थैर्य लाभले आणि तिचे नाव ‘सर एली कडूरी शाळा’ असे झाले. ज्या बगदादी समाजाशी भिंतीवरून वाद झाला होता, त्याच समाजातील दात्याचे नाव बेने इस्रायलांच्या शाळेला मिळाले, हे शतकभरातील बदलाचे द्योतक आहे.

याच सुमारास मुलांना व तरुणांना एकत्र आणणारा दुसरा मार्गही मुंबईत आला. १९२९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘हबोनिम’ या ज्यू युवक संघटनेचे कार्य पुढील दोन दशकांत मुंबई व कोलकाता येथे पोहोचले. बालवीर चळवळीप्रमाणे गट, गाणी, खेळ, सहली व शिबिरे ही तिची पद्धती होती आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यू राष्ट्राच्या उभारणीची प्रेरणा हा तिचा आशय होता. शाळा मुलाला मुंबईत जगण्यासाठी तयार करीत होती. युवक संघटना त्याला दुसऱ्या एका भूमीची ओढ लावीत होती. ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत, हे तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे.

स्थलांतर आणि शाळेचे बदललेले स्वरूप

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर बेने इस्रायलांचे स्थलांतर सुरू झाले. या स्थलांतरामागे भारतातील छळ हे कारण नव्हते. धर्मभूमीची ओढ, नातेवाइकांचे अनुकरण आणि ब्रिटिश राजवट संपल्यानंतर सरकारी नोकरीविषयी वाटणारी अनिश्चितता ही त्याची कारणे होती. इस्रायलमध्ये मात्र त्यांच्या ज्यू असण्याविषयीचा जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश तेथील धर्मपीठाने काढला. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्यांचे पूर्ण ज्यूपण मान्य झाले.

भारतातील संख्येवर झालेला परिणाम जनगणनेतून दिसतो. १९६१ मध्ये देशातील ज्यूंची संख्या १८,५०० च्या आसपास होती. १९७१ मध्ये ती ६,००० च्या खाली आली. या दहा वर्षांत गेलेल्यांमध्ये बेने इस्रायलांचा वाटा सर्वांत मोठा होता. कोकणातील गावे जवळजवळ रिकामी झाली. उरलेला समाज मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्ह्यातील काही ठिकाणी एकवटला. ठाण्याचे १८७९ मधील ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग हे समाजाच्या वर्दळीचे एक प्रमुख केंद्र बनले.

शाळेच्या दृष्टीने या स्थलांतराचा अर्थ सरळ होता. वर्ग भरण्याइतकी ज्यू मुले उरली नाहीत. माझगावची सर एली कडूरी शाळा बंद झाली नाही. परिसरातील इतर समाजांच्या, विशेषतः मुस्लिम कुटुंबांतील, मुलांनी ती भरून गेली. शाळेची स्थापना गरीब घरातील मुलाला त्याचा धर्म न सोडता शिकता यावे या हेतूने झाली होती. हा हेतू व्यापक अर्थाने पाहिला तर शाळा आजही तो पूर्ण करीत आहे. केवळ ते मूल आता ज्यू नाही. संस्थेच्या इतिहासात स्थापनेचा हेतू आणि संस्थेचे आयुष्य हे दोन वेगळ्या गतीने चालतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु उरलेल्या ज्यू मुलांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. इतर शाळांत विखुरलेल्या, वर्गात एकट्याच ज्यू असलेल्या मुलाने आपला धर्म कोठे शिकावा?

शिबिर : अल्पकाळाची शाळा

या प्रश्नाला जगात अन्यत्र मिळालेले उत्तर येथे पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील ज्यू शिबिरांचा आरंभ धर्मशिक्षणातून झाला नाही. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतील स्थलांतरित मजुरांच्या मुलांना मोकळी हवा व पुरेसे अन्न मिळावे, हा १९०२ मध्ये सुरू झालेल्या ‘सरप्राइझ लेक’ शिबिराचा हेतू होता. १९१९ मध्ये ‘सेजविन’ शिबिर सुरू झाले, तेव्हा शिक्षणतज्ज्ञांनी शिबिराकडे शाळेला पूरक संस्था म्हणून पाहिले. १९४१ मध्ये ‘मसाद’ या शिबिरात सर्व व्यवहार हिब्रूतून करण्याचा प्रयोग झाला. १९४७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात पहिले ‘रामा’ शिबिर भरले. युरोपातील ज्यू समाजाचा संहार झाल्यानंतर नवे शिक्षक व नेते अमेरिकेतच घडवावे लागतील, ही जाणीव त्यामागे होती. साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर १९९० मध्ये हंगेरीतील सार्वाश येथे असेच आंतरराष्ट्रीय शिबिर सुरू झाले. तेथे आलेल्या कित्येक मुलांच्या घरांत धर्माचा उल्लेखही चार दशके झालेला नव्हता. अशी मुले शिबिरात जे शिकली, ते त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना सांगितले. शिक्षणाची नेहमीची दिशा येथे उलटी झाली.

महाराष्ट्राला ‘शिबिर’ ही कल्पना परकी नाही. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने आणि १९६९ नंतर राष्ट्रीय सेवा योजनेने तिला महाविद्यालयीन जीवनात स्थान दिले. उन्हाळी सुटीतील संस्कार शिबिरे तर शहरोशहरी भरतात. शहरापासून दूर, परंतु काही तासांत पोहोचता येईल अशी जागा ही शिबिराची पहिली गरज. मुंबई-ठाणे परिसरातील संस्थांना कर्जत-नेरळ, लोणावळा किंवा बदलापूरजवळचा बारवी धरणाचा परिसर याच कारणाने सोयीचा वाटत आला आहे. दिवसाची दिनचर्या घर व शाळा या दोहोंपासून वेगळी करता यावी, हे या अंतराचे प्रयोजन असते.

मुंबईतील ज्यू समाजात हे कार्य १९६० नंतर बाहेरून आलेल्या संस्थांच्या साहाय्याने वाढले. ‘ओआरटी’ या जागतिक ज्यू संस्थेने १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत व्यवसायशिक्षण सुरू केले. अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटीचे भारतातील कार्य १९६४ पासून चालू आहे. तिच्या साहाय्याने चालणाऱ्या मुंबईतील एव्हलिन पीटर्स ज्यू समाजकेंद्राने मुले व तरुण यांना सणांच्या निमित्ताने, सुटीच्या दिवशी व शिबिरांतून एकत्र आणण्याचे काम केले. ‘बनेई अकिवा’ या धार्मिक युवक संघटनेनेही मुंबईत कार्य केले. शब्बाथची सुरुवात, जेवणापूर्वीचे आशीर्वाद, हिब्रू गाणी, सणांचे पदार्थ असा या कार्यक्रमांचा आशय असतो. कोकणातील घरात मूल जे आपोआप पाही, ते येथे आखणी करून दाखविले जाते.

शाळा आणि शिबिर : तुलना

शाळा व शिबिर यांतील फरक कालावधीपुरता नाही. इस्रायलाइट शाळा दहा वर्षे रोज मुलाला घडवीत होती आणि त्याच वेळी त्याला नोकरीसाठी तयार करीत होती. धर्म व उपजीविका या दोन्ही गोष्टी तेथे एकाच बाकावर शिकविल्या जात. शिबिरात उपजीविकेचा प्रश्न नसतो. तेथे केवळ ओळखीचा प्रश्न असतो. म्हणून शिबिर तीव्र असते, परंतु त्याची तीव्रता थोड्या दिवसांत संपते. शिबिराहून परतलेल्या मुलाच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागत असेल तर शिबिराचे काम पुढे चालते. लागत नसेल तर ती केवळ सहल ठरते.

भाषेचा फरक अधिक गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकातील अनुवाद, कीर्तन व शाळा यांनी ज्यू धर्म मराठीत आणला. आजच्या कार्यक्रमांची भाषा मुख्यतः इंग्रजी आणि गाण्यांची हिब्रू असते. साहित्य बहुधा परदेशात तयार झालेले असते. त्यामुळे मुलाला जगभरच्या ज्यू मुलांशी संवाद साधता येतो, हा मोठा लाभ आहे. परंतु ‘दारफळणीचा सण’ किंवा ‘बिरड्याचा रोजा’ हे शब्द त्याला आजीकडूनच कळतील, शिबिरात नव्हे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले, ही वस्तुस्थिती या संदर्भात विचार करावयास लावणारी आहे. धर्मभूमीत गेलेल्यांना मराठीची उणीव जाणवली. मराठी भूमीत राहिलेल्यांच्या मुलांना धर्माची उणीव भरून काढताना मराठी मागे पडत आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. या दर्जामुळे शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार समाजाला राज्याच्या पातळीवर अधिकृतपणे प्राप्त झाला. ज्या समाजाने १८७५ मध्ये असा कोणताही दर्जा नसताना शाळा उभारली, त्याला हा अधिकार मिळाला तेव्हा शाळा भरण्याइतकी मुले मात्र उरली नव्हती.

निष्कर्ष

१) बेने इस्रायल समाजाचे मूळ धर्मशिक्षण घर व व्यवसाय यांच्या आचारातून होत असे. शहरी नोकरीमुळे हा आधार सुटला आणि संस्थात्मक शिक्षणाची गरज निर्माण झाली.

२) मिशनरी शाळांनी धर्मांतराचा हेतू साध्य केला नाही, उलट मराठी बायबल व हिब्रू अध्ययन यांद्वारे समाजाच्या धार्मिक पुनरुज्जीवनास त्यांनी नकळत हातभार लावला.

३) इस्रायलाइट शाळेच्या स्थापनेमागे धर्मशिक्षण, उपजीविकेसाठी इंग्रजी आणि इतर ज्यूंच्या तुलनेत समान दर्जा असे तीन हेतू होते.

४) शाळेचा ऱ्हास शैक्षणिक अपयशामुळे झाला नाही. स्थलांतरामुळे ती ज्यू शाळा राहिली नाही, तरी गरजू मुलांची शाळा म्हणून टिकली.

५) जेथे शाळेसाठी पुरेशी संख्या नाही तेथे शिबिर हे व्यवहार्य साधन आहे. तथापि ते घराची जागा घेऊ शकत नाही. महाराष्ट्रातील ज्यू मुलांच्या शिबिरांनी हिब्रू व इंग्रजीबरोबर मराठी सण, कीर्तन व मलिद्याची परंपरा यांना स्थान दिले, तर १८७५ च्या शाळेने जे काम हाती घेतले होते त्याचा धागा अखंड राहील. ते स्थान न मिळाल्यास ही मुले जगातील इतर ज्यू मुलांसारखी होतील. परंतु बेने इस्रायल म्हणून जे वेगळेपण दोन सहस्रकांच्या परंपरेने त्यांच्यापर्यंत आणले, ते त्यांच्या पिढीत थांबेल.